चार नव्हे, दोघे

मंगळवार, १९ ऑगस्ट

भय्याजींचा फोन आला. ३१ तारखेच्या उपासनेत संदेश, म्हणजे प्रवचन, मी द्यायचा. विषयही त्यांनीच नेमून दिला: मानापायी हात उचलणे. उन्हाळ्यात लाखांदूरकडच्या एका लग्नात पंगतीत कोण आधी बसणार यावरून दोन सोयऱ्यांची डोकी फुटली. त्यातलं एक डोकं आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं होतं, म्हणून भय्याजी कासावीस आहेत. ते आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, कैलाश, हा विषय तुझाच, तुझ्या बाबांमुळे.

खरंच आहे ते. आमच्या गावात एक जुनी रीत होती. मानाचा प्रश्न आला की एकानं दुसऱ्याला चौकात सांगायचं, पाळीवर ये. मग सांजेला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोघं काठ्या घेऊन येत, सोबतीला एकेक माणूस. मध्ये कुणी पडायचं नाही आणि नंतर तक्रार करायची नाही. ऐंशी साली असंच दोघं उभे ठाकले असताना बाबा गेले आणि दोघांच्या मध्ये मांडी घालून बसले. बाबा उपदेशक होते, आता मी आहे. म्हणाले, आधी मला मारा. दोघं काठ्या टाकून घरी गेले आणि पाळीची रीत बंद पडली. त्या दोघांतले एक म्हणजे आमचे शेजारी पुंडलिकराव.

ही गोष्ट मी वर्षातून एकदा तरी सांगतोच. संदेशासाठी टिपणं काढायला ही वही घेतली, पण मनातलंही लिहीन म्हणतो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. आम्ही बैलांची पूजा करत नाही, पण जोडी तोरणाखाली नेतो. भय्याजींना ते फारसं पटत नाही. मी त्यांना सांगितलं, वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस मिरवलं तर प्रभू रागावणार नाही. गावात आता अकराच जोड्या उरल्या, बाकी सगळे ट्रॅक्टर.

झडत्या सुरू झाल्या, म्हणजे तोरणाखाली एकमेकांना टोमणे मारणाऱ्या जुळवलेल्या ओळी. पोळ्याच्या झडतीत कुणालाही सोडत नाहीत आणि तिचा राग धरायचा नाही, हेही ठरलेलं. सरपंचाला लागली, सोसायटीवाल्याला लागली. मग पुंडलिकरावांचा कुलदीप पुढे आला. विजेच्या खांबांवर कंत्राटी लाईनमन आहे, आवाज खणखणीत. माझ्याकडे बघून त्यानं बाबांवर, मोहाच्या दारूवरून, झडती टाकली:

सकाळी सांगे देवाचं, सांजेले मोहाची धार,
उपदेशकाले घरी न्याले लागत होते चार.

मग सगळ्यांचं हर हर महादेव आणि हशा. माझ्या चक्कीवर दळण आणणाऱ्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मीही हसलो. हात जोडले. कान मात्र तापले होते. चार! हे धादांत खोटं आहे. चार माणसं कधीच लागली नाहीत.

शनिवार, २३ ऑगस्ट

सकाळी लहान मुलं लाकडी बैल घेऊन आली, त्यांना खाऊ दिला. मागोमाग पुंडलिकराव, कुलदीपला घेऊन. हातात त्यांच्या बायकोनं, ललिताबाईंनी, दिलेली करंज्यांची ताटली. पुंडलिकरावांना बोलायला जड जात होतं. पोरगं चुकलं, एवढंच म्हणाले.

मी दारातच उभा राहून सांगितलं की मी कालच क्षमा केली आहे, आमच्या धर्मात मागेपर्यंत थांबत नाहीत. ताटली घेतली. बसा म्हणालो नाही, कारण चक्कीवर गर्दी होती. कुलदीप काहीतरी सांगू पाहत होता, पण मी त्याला म्हटलं, राहू दे बेटा, मला काही ऐकायची गरज नाही. ते दोघं अंगणातून परत गेले. क्षमा ही न मागता दिली की समोरच्याला आपण काय केलं ते चांगलं उमगतं, असं मला वाटतं.

दुपारी निकेशनं विचारलं. माझा मुलगा, चोवीस वर्षांचा, साकोलीला मोबाईलच्या दुकानात जातो. त्याच्या जन्माआधी बाबा गेले. भिंतीवर त्यांचा फोटो, आणि पाळीची गोष्ट, एवढेच आजोबा त्याला माहीत.

"बाबा, कुलदीप बोलला ते खरं हाय का?"

मी म्हणालो, खोटं आहे. माझी बायको निर्मला चुलीजवळ होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

सोमवार, २५ ऑगस्ट

संदेशाचे मुद्दे चांगले जमून येत आहेत.

एक, जीव आपला नाही, देवाचा आहे. पणाला लावायला आपण कोण. दोन, सूड त्याच्याकडे सोपवलेला आहे, तो त्याच्या हातून ओढून घेणं म्हणजे चोरी. तीन, चारचौघांनी दिलेला मान चारचौघं काढून घेतात, देवानं दिलेला कुणी काढू शकत नाही. मग हसणाऱ्यांसाठी डोकी कशाला फोडायची? चार, दोन्ही माणसांत त्याचंच रूप आहे, काठी कुणावरही पडली तरी त्याच्यावर पडते.

दिवसभर चक्कीवर जो येईल तो पोळ्याचा विषय काढतो. नाही काढला तर मी काढतो, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको. मी सगळ्यांना सांगतो की माझ्या मनात काही नाही. कुंताबाई म्हणाल्या, नाई ना भाऊ, तर मंग रोज काहून सांगता? त्या बाईला खोच मारायची सवयच आहे.

निकेश दोन दिवसांपासून जेवताना बोलत नाही. रात्री म्हणाला, दुकानातसुद्धा पोरं ती झडती म्हणतात. मी त्याला समजावलं, अंगात ताकद असून गप्प राहणं ही क्षमा. ताकदच नसेल तर तिला क्षमा म्हणत नाहीत. वाक्य चांगलं वाटलं म्हणून टिपूनही ठेवलं. त्यानं ताट सरकवलं आणि उठला.

गुरुवार, २८ ऑगस्ट

जसं घडलं तसं लिहितो.

पाच वाजता मी ओसरीवर संदेश पक्का लिहायला बसलो होतो. निकेश आतून आला. दारामागे असते ती वेळूची काठी त्याच्या हातात होती. फाटकाशी त्याचा मित्र डिंपल थांबला होता. निकेश माझ्याकडे न बघता पायरी उतरला. मी म्हटलं, कुठं? तो म्हणाला, बांधीत पाणी बघून येतो.

निर्मला मागून आली.

"काठी घेऊन गेला. तुमी जा त्याच्या मांगं."

मी म्हणालो, धानाच्या बांधीत साप असतात, काठी लागतेच. ती तशीच उभी होती. मी पुन्हा वहीत डोकं घातलं. त्या वेळी जे वाक्य लिहीत होतो ते समोरच आहे: काठीनं खोटं खरं होत नाही आणि खरं खोटं होत नाही.

साडेसहाला डिंपल धावत आला. निकेश ठीक होता. कुलदीपचा उजवा हात मोडला.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

डिंपलनं सांगितलं ते असं. निकेशनं कुलदीपला बुधवारी चौकात पाळीवर बोलावलं होतं. पंचेचाळीस वर्षांत कुणी ते शब्द उच्चारले नव्हते. कुलदीप आला, आधी बोलूनच मिटवू म्हणाला. निकेश म्हणाला, खोटं हाय म्हन, मी घरी जातो. कुलदीप म्हणाला, पोळ्यात बोललो ते चुकलं, त्याची माफी मागतो, पण खरं हाय तर खोटं कसा म्हनू? मग काठ्या. कुलदीपची काठी मोडली. निकेश म्हणाला, आता म्हन. कुलदीप नाही म्हणाला. निकेशनं पुन्हा मारलं, त्यानं हात आडवा धरला.

पवनीहून त्याला भंडाऱ्याला नेलं. हाडाला आत धातूची पट्टी टाकणार आहेत.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. डिंपलनं "कुलदीप पडला" म्हटलं, तेव्हा हाताबद्दल कळायच्या आधी, मला आनंद झाला. क्षणभरच असेल. पण तो आनंद होता, दुसरं काही नव्हतं. पोळ्यापासून छातीवर जे बसलं होतं ते उतरलं. निर्मलानं माझा चेहरा पाहिला असेल, कारण ती काल रात्रीपासून माझ्याशी बोललेली नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट

संदेश दिला. द्यायला नको होता. फोन करून तब्येत बरी नाही म्हणणं सोपं होतं, पण सगळा लिहून तयार होता.

टिनाच्या प्रार्थनामंदिरात चाळीस माणसं होती. मुद्दे क्रमानं सांगितले, आवाज चांगला लागला. शेवटी बाबांची गोष्ट: पाळ, काठ्या, मध्ये बसलेले बाबा. दोन बाया रडल्या. ज्यांचं डोकं फुटलं होतं त्या भावानं माझे हात हातात घेतले.

भय्याजी म्हणाले, निकेश आला नाही? मी म्हटलं, साकोलीला गेला आहे. तो घरी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

इतक्या माणसांनी वाखाणलेला संदेश माझा याआधी कधी झाला नव्हता. परत येताना मला गाडीवर दोनदा थांबावं लागलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

कुलदीपला घरी आणलं. गेलो. फाटकापर्यंत जाऊन एकदा परत फिरलो, मग गेलो.

ललिताबाईंनी खुर्ची दिली, चहा ठेवला. कुलदीप आत झोपला होता. त्याचा साकोलीचा मामेभाऊ बाबूलाल ओट्यावर बसला होता, माझ्याकडे रोखून बघत. पुंडलिकराव मला मागच्या परसात घेऊन गेले. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, थांब, आधी माझं ऐक. जे म्हणाले ते जवळपास त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"कैलाश, आपन दोघंच नेत होतो त्याले. चार कुठचे? पोरानं यमक जुळवासाठी चार केले. तू चवदा वर्साचा होता, डोक्याकडून मी धरू, पायाकडून तू. तवापासून मी कोनाले बोललो नाही. औंदा पोराले पाळीची गोष्ट सांगतली. म्या म्हटलं, माहे हातपाय शाबूत हायेत ते त्या मानसामुळं. आन त्या दिवशी तुहा बाप पिऊन होता. वास येत होता. धड बसता येत नव्हतं, तरी मधात बसला. म्हने, मारा मले. मी काठी उगारली होती, तरी उठला नाही. गोष्ट पुरी सांगाची तर हे सांगाच लागते. पोरानं अर्धीच घेतली, त्याची झडती केली. तेच सांगाले आलो होतो ना मी त्या दिवशी करंज्या घेऊन."

मग म्हणाले, "तू बी अर्धीच सांगते. तुही दुसरी अर्धी."

त्यांना बसा म्हणालो असतो तर हे मला २३ तारखेलाच कळलं असतं. निकेशनंही ऐकलं असतं, तो आतच होता.

बुधवार, ३ सप्टेंबर

निकेशला सांगितलं. निर्मलासमोर. तिला लग्नानंतर माझ्या आईनंच सांगितलं होतं, तीस वर्षं तिनं माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं.

सगळं सांगितलं: मोहाची, पवनीच्या रस्त्यावरचं झाड जिथं बाबा सापडायचे, मी पाय कसे धरायचो, दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या डोळ्याला डोळा कसे देत नसत. कुलदीप खरं बोलला, मी खोटं बोललो.

निकेशनं विचारलं,

"मंग मी कायच्यासाठी मारलं?"

माझ्यासाठी, असं उत्तर आहे. मला ते तोंडानं देता आलं नाही. इथं लिहितो आहे. माझ्यासाठी मारलं. मी हात उचलला असता तर उपदेशक राहिलो नसतो, म्हणून त्याचा हात वापरला. कुणी म्हणेल, तुम्ही कुठं त्याला पाठवलं? नाही पाठवलं. ताकद आणि क्षमेचं ते वाक्य ऐकवलं, खोटं सांगितलं, आणि काठी दारातून गेली तेव्हा वहीत बघत बसलो. आणखी काय पाठवायचं असतं?

शुक्रवार, ५ सप्टेंबर

बाबूलालनं चौकात निकेशला सांगितलं, उद्या पाळीवर ये. पुंडलिकराव नको म्हणतात, पण बाबूलाल म्हणतो, तुमच्या घराची इज्जत गेली, तुम्हाला कळत नाही. दोन वर्षं आखाड्यात जातो तो.

निकेश जाणार आहे. काठी नेणार नाही म्हणाला.

"जातो. तो मारीन तेवढा मार खातो. मले तेच पाहिजे."

मी सूड, क्षमा, जीव देवाचा, सगळं बोलून पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तसं पाहिल्यावर पुढे बोलता येत नाही. पोलिसात कळवू का म्हटलं, तर निर्मला म्हणाली, कळवा, पन मंग आपल्या पोराचं बी सांगा लागन. सांगू. पण बाबूलाल तर उद्या नाही तर परवा येईल. त्याला लढायला जे कारण मिळालं आहे ते मी दिलेलं आहे, आणि मीच परत घेऊ शकतो. ते कसं घ्यायचं हे मला माहीत आहे. दुपारपासून दुसरा काही उपाय सापडतो का ते शोधतो आहे.

शनिवार, ६ सप्टेंबर

पाच वाजताच पाळीवर गेलो. पन्नासेक माणसं जमली होती, पूर्वी इतकी जमत नसत. फोन हातात घेऊनच आली होती. बाबूलाल काठी घेऊन, निकेश रिकाम्या हातानं. मध्ये बसायचं मनात आलं होतं. नाही बसलो. बाबांची नक्कल करून पुन्हा मान मिळवला असता.

मी उभ्या उभ्या झडती म्हटली. पोळ्यात म्हणतात तशी, मोठ्यानं. पहिली ओळ म्हणताना लोक वळून बघायला लागले. दुसरी ओळ म्हटली आणि सांगितलं, यात एक चूक आहे. चार नव्हे, दोघे लागायचे. एक पुंडलिकभाऊ आणि दुसरा मी. कुलदीप खरं बोलला म्हणून त्याचा हात मोडला. माझ्या पोराला मी खोटं सांगितलं होतं. ज्या मानासाठी ही काठी आहे तो मान कधी नव्हताच, आणि जो होता तो मी कुणाला पूर्ण सांगितला नाही.

आधी कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग बरेच हसले. माझ्या चक्कीवर रोज येणारी माणसं. एकानं पुन्हा म्हणा भाऊ, फोन लावतो, असं म्हटलं. मी पुन्हा म्हटली. पोळ्याच्या दिवशी जे अर्ध्या मिनिटाचं सोसवलं नाही ते आज दोनदा, मागून घेतलं. अजून कान तापलेले आहेत, खोटं कशाला लिहू.

बाबूलाल मला आपादमस्तक बघत राहिला. म्हणाला, "याच्या घरात आता माराले उरलंच काय?" आणि काठी खांद्यावर टाकून निघाला.

निकेश माझ्यापुढे चालत घरी आला, पन्नास पावलं पुढे. एकदा वळून पाहिलं, मी येतो की नाही ते.

रविवार, ७ सप्टेंबर

आज प्रभुभोजन होतं. मी उभा राहून मंडळीला पाळीची पूर्ण गोष्ट सांगितली, वासासकट. मागच्या रविवारी तुम्ही माझे हात हातात घेतले तेव्हा कुलदीपच्या हातात पट्टी बसत होती, हेही सांगितलं. कुणी रडलं नाही. भय्याजींनी एकच विचारलं, काठी जाताना तू पाहिली होतीस? मी हो म्हणालो. त्यांनी मान खाली घातली. भाकर माझ्याजवळ आली ती मी न घेता पुढे दिली.

अर्पण वेदीशी ठेवून आधी भावाशी समेट कर, अशी शिकवण आहे. इतकी वर्षं मी ती अशी समजत होतो की माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर जायचं. माझ्या मनात नाही, नाही, म्हणून गावभर सांगत होतो. ती तशी नाहीच. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर जायचं आहे.

उठून सरळ पुंडलिकरावांच्या घरी गेलो. निकेश आधीच तिथं होता. सकाळपासून त्यांच्या धानातलं निंदण काढून आला होता, पाय चिखलानं भरलेले. ललिताबाईंनी त्याला ओसरीत जेवायला वाढलं होतं आणि तो घास तोंडात नेत नव्हता. कुलदीप भिंतीला टेकून डाव्या हातानं वरणभात खात होता. खांबावर चढता येईल की नाही ते डॉक्टर तीन महिन्यांनी सांगणार आहेत.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. माफी मागितली. त्यानं घास ताटात ठेवला.

"काका, तुमी थांबवू शकत होते का?"

बाबा पिऊन होते, त्यांना धड बसता येत नव्हतं, आणि ते गेले. मी शुद्धीत होतो आणि घरी बसलो.

"हो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा जेवायला लागला. डाव्या हातातून भात सांडत होता. ललिताबाई उठायच्या आधी निकेश उठला, सांडलेली शितं वेचली आणि घास करून त्याच्या तोंडाशी धरला. कुलदीपनं तोंड फिरवलं. निकेशनं हात तसाच धरून ठेवला. मी निघालो तेव्हाही तो तसाच होता.